राबाविना रोप

मी पदवीधर झालो तो वडिवळ्याच्या मामांमुळे, आणि मामांइतकं सहज खोटं बोलणारा माणूस साऱ्या मावळात मी पाहिला नाही. तळेगावच्या कॉलेजात प्रवेशाची मुदत टळून गेली होती. मामांनी कारकुनाला सांगितलं, "पोराला टायफॉइड झालता," आणि ठणठणीत उभ्या असलेल्या माझ्या पोटरीवर लाथ मारून पुटपुटले, "खोक की रं!" टायफॉइडमध्ये खोकतात की नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक नव्हतं. प्रवेश मिळाला.

शिकून मी एका संस्थेत लागलो. शेतात काही जाळायचं नाही, काडीकचरा मातीतच कुजवून कार्बन जमिनीत साठवायचा, असल्या योजनेसाठी शेतकरी गोळा करायचं माझं काम. पण भाताचं रोप टाकण्याआधी वाफ्यावर शेण आणि पाला पसरून जाळायचा, म्हणजे राब भाजायचा, हे आमच्याकडे पेरणीइतकंच पक्कं. तण त्यानंच मरतं. मामांच्या गावच्या बैठकीत कुणी नाव देईना. तेवढ्यात मामा उठले. "माझं नाव घाल!"

मग ज्याला जे पटेल ते कारण. शेजारच्या आबांना म्हणाले, "धुरानं ढग पळत्यात." मामींना, "तुज्या डोळ्याला तरास नको." आमच्या संस्थेच्या पुण्याच्या साहेबांना, "पृथ्वी लय तापलीया सायेब, कुनीतरी हात द्याया पायजे." साहेबांनी फोटो काढला, त्यासाठी मामांनी आबांची टोपी मागून घेतली. मी एकांतात विचारलं, तर म्हणाले, "माती सपनात आलती. म्हनली, लय चटके बसत्यात."

पेरणीनंतर मी फोनवर रोपांची चौकशी करायचो. "लय झ्याक! पोपटावानी हिरवं!" एका रविवारी न कळवता गेलो. हिरवं होतं ते तण. मामा-मामी वाफ्यात उकिडवे बसून एकेक काडी उपटत होते. रोप इतकं विरळ, की दोन खाचरं बिनलावणीची राहणार हे दिसतच होतं.

"पयलं नाव मिळालं न्हाई तर तुजी नोकरी जाईल, म्हनून दिलं ह्यांनी नाव," मामी म्हणाल्या.

"ही लय खोटं बोलती," मामा म्हणाले आणि तोंड फिरवून उपटत राहिले.

समोर बोललो असतो तर त्यांनी आणखी एक कारण काढलं असतं. म्हणून लावणी उरकल्यावर पत्र पाठवलं:

"तीर्थरूप मामांस शिरसाष्टांग नमस्कार. योजनेतून नाव काढायचा अर्ज सोबत आहे, सही करा. कारणाची जागा मी कोरी ठेवली आहे, कोरीच राहू द्या. नोकरीचं मी बघतो. तुम्ही शिकवलंत, कुठंतरी लागेन. तुमची दोन खाचरं पडीक राहिलेली मला बघवली नाहीत. होळी झाली की राब भाजा. त्याआधी पाला तोडायला मी येईन. कोयत्याला धार लावून ठेवा."