येणाऱ्याची मूठ

काकूंना एका माणसाचा स्वयंपाक सांगता येत नसे. पिठलं कसं करायचं असं विचारलं की त्या आधी विचारायच्या, "जेवायला कोण कोण आहे?" मी म्हणायचो, काकू, मी एकटाच आहे, तुम्हाला माहीत आहे. त्यावर त्या हातातलं पातेलं घासत जरा वेळ विचार करायच्या आणि म्हणायच्या, "बरं, मग असं धर, तुझा भाऊ आलाय. बरोबर त्याची बायको आहे आणि तिला तिखट चालत नाही." एवढी माणसं जमली की मगच पिठलं सुरू व्हायचं.

आमची ओळख ड्राय बाल्कनीतली. चऱ्होलीच्या ज्या नव्या सोसायटीत मी भाड्याने राहतो, तिथे दोन इमारती इतक्या जवळ बांधल्या आहेत की समोरच्यांच्या कुकरची शिट्टी झाली की माणूस उठून आपला गॅस बंद करतो. स्वयंपाकघराला लागून कपडे-भांड्यांसाठी एक चिंचोळी गॅलरी असते. तिला बिल्डरने ड्राय बाल्कनी असं नाव दिलं आहे आणि ती बारा महिने ओली असते. माझी ओली बाल्कनी आणि काकूंची ओली बाल्कनी समोरासमोर होत्या. हात लांब केला असता तर वाटी देता-घेता आली असती, पण मधे चार मजल्यांची पोकळी होती.

मी परभणीकडचा. निघोज्याजवळ एका कंपनीत क्वालिटीला आहे. लग्नाचं विचाराल तर, मुलीकडचे आधी विचारायचे पर्मनंट आहात का. पर्मनंट झालो तेव्हा वय विचारायला लागले. मग आमच्या घरच्यांनी फोटो पाठवणंच बंद केलं आणि मी गॅसची शेगडी घेतली. पहिल्याच आठवड्यात खिचडी करपवली. धुराने डोळे चोळत बाल्कनीत आलो तर समोरून आवाज आला, "हलवू नकोस. खालचं जळलेलं खाली राहू दे. वरची खिचडी दुसऱ्या भांड्यात काढ आणि लसणाची खमंग फोडणी दे वरून. आणि डाळ धुताना फोनवर बोलत जाऊ नकोस, पाणी विसरलास तू." म्हणजे बाई सगळं बघत होत्या. मला रागच आला होता, पण खिचडी वाचली.

तेव्हापासून संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरलो की मी आधी बाल्कनीतला दिवा लावायचो. काकू भांडी घासता घासता सांगायच्या आणि मी इकडे कांदा चिरता चिरता ऐकायचो. त्यांची प्रत्येक कृती कुणाच्या तरी रुसव्याने नाही तर आजारपणाने सुरू व्हायची. कढीचं त्यांनी असं सांगितलं: "आमच्या ह्यांना कंपनीत फोरमन बोलला की हे घरी येऊन माझ्याशी अबोला धरायचे. आता यात माझा काय दोष? पण मी काही बोलायची नाही. ताक घ्यायचं, आंबट असलेलं बरं. बेसन त्यात आधी कालवून घ्यायचं, गुठळी राहता कामा नये. आलं, मिरची, कढीपत्ता. मग गॅस बारीक करून ढवळत बसायचं. उकळी येऊ दिलीस की फुटली कढी. मी ढवळत बसले की हे दोनदा येऊन भांड्यात डोकावायचे. तिसऱ्यांदा विचारायचे, साखर घातलीस का. मिटला अबोला." मी कढी केली. ती फुटली. काकू म्हणाल्या, समोर कुणी रुसलेलं नसलं की लक्ष राहत नाही.

हिंगाबद्दल मात्र त्यांचं मत फार कडक होतं. "हिंग घाबरत घालायचा नसतो," असं त्या निदान आठवड्यातून एकदा ऐकवायच्या. मी चिमटीत हिंग घेतला की समोरून "आणखी" असा हुकूम यायचा. पदार्थाच्या नावावरून आमची भांडणंही व्हायची. आमच्याकडे ज्याला वरणफळं म्हणतात त्याला त्या साताऱ्याकडच्या असल्याने चकोल्या म्हणायच्या. मी वरणफळं म्हटलं की त्यांना ऐकूच यायचं नाही.

काकूंचे यजमान आकुर्डीला कंपनीत होते. स्टेशनच्या मागे दोन खोल्यांत त्यांचा उभा संसार झाला. त्या काळी गावाकडचा जो पोरगा आयटीआय व्हायचा तो ट्रंक घेऊन थेट काकूंच्या दारात. कुणाचा दीर, कुणाचा भाचा, कुणी नुसताच गावचा. नोकरी लागेपर्यंत तो तिथेच जेवायचा, तिथेच झोपायचा आणि नोकरी लागली की महिनाभर सवयीने येत राहायचा. "आमच्या त्या दोन खोल्यांत निम्म्या गावाला नोकरी लागली," असं त्या सांगायच्या. पिठलं त्यांना यासाठीच आवडायचं, की अवेळी कुणी आलं तर त्यात पाणी वाढवता येतं. "फारच पातळ झालं तर बिनधास्त सांगायचं, आमच्याकडे असंच करतात." ही सगळी मंडळी आता रावेत, मोशी, चिखलीला फ्लॅट घेऊन स्थिरावली होती. काकूंच्या घरापासून एकही फार लांब नव्हता. यजमान गेल्यावर दिवसकार्याला सगळे आले होते, त्यानंतर कुणी आलं नव्हतं, पण हे मला खूप उशिरा कळलं.

सकाळी जनरल शिफ्टच्या बसला निघायच्या आधी मी चहा घेऊन बाल्कनीत उभा राहायचो. त्या वेळी समोरून हमखास फोडणीचा वास यायचा. मोहरी, कढीपत्ता, शेंगदाणे, आणि अर्थातच न घाबरता घातलेला हिंग. रोज फोडणीचा भात. श्रावण असो, उन्हाळा असो, बदल नाही. मला वाटलं, बाईंना भातच प्रिय. माझ्या वडिलांना नाही का रोज सकाळी शिळी भाकरी लागते, तसं.

मग खंडेनवमी आली. कंपनीत मशिनची पूजा झाली, मशिनला झेंडूच्या माळा घातल्या, साहेबांनी नारळ फोडला आणि सगळ्यांना जेवण होतं. भात उदंड उरला. कँटीनवाला म्हणाला, न्या राव, टाकून द्यावा लागेल. माझ्या डोक्यात लगेच काकू आल्या. मोठा डबा मागून घेतला, दाबून भरला, बसमध्ये मांडीवर धरून आणला आणि पहिल्यांदाच समोरच्या इमारतीत जाऊन काकूंची बेल वाजवली. दार उघडल्यावर मी मोठ्या ऐटीत डबा पुढे केला. म्हटलं, काकू, उद्याच्या फोडणीची सोय.

काकूंनी झाकण काढून पाहिलं आणि त्या हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग पदराने डोळे पुसले आणि ते पुसणं जरा लांबलं.

"तुला कुणी सांगितलं मला फोडणीचा भात आवडतो म्हणून?"

मी म्हटलं, रोज करता की.

"आवडतो म्हणून नाही रे करत. उरतो म्हणून करते."

आत बोलावून त्यांनी सांगितलं ते असं. तांदूळ काढताना घरातल्या माणसांच्या मुठी घालायच्या आणि शेवटी एक मूठ येणाऱ्याची. सासूबाईंनी लावलेली शिस्त. आकुर्डीला ती मूठ कधी उरली नाही, उलट येणाऱ्यांसाठी पुन्हा भात टाकावा लागायचा. आता घरात एक मूठ काकूंची असते आणि एक येणाऱ्याची. रात्री कोणी येत नाही. सकाळी त्या ती फोडणीला टाकतात.

इतके दिवस ज्या वासावर मी चहा प्यायलो होतो, तो वास म्हणजे काल कोणी आलं नाही एवढाच निरोप होता, रोजचा. आणि उरलेला भात खाऊन कंटाळलेल्या बाईकडे मी डबाभर उरलेला भात घेऊन गेलो होतो. मला फार वाईट वाटलं. शहाणपणा करून म्हटलं, मग घालू नका ना ती मूठ.

"आणि कुणी आलं तर?" काकूंनी विचारलं. मग डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "रविवारी सुट्टी असते ना तुला? ये संध्याकाळी. चकोल्या करते."

मी गेलो. चकोल्या होत्या, वर तुपाची धार होती, नंतर भात आणि आमटी. काकू समोर बसून वाढत होत्या आणि मी पुरे म्हटलं की त्यांना तेही वरणफळांसारखं ऐकू येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन बाल्कनीत आलो तर समोरून वास नाही. मोहरी तडतडली नाही. चप्पल अडकवून धावत गेलो, बेल दाबून धरली. काकूंनी दार उघडलं ते हातात चाळणी घेऊन. "काय झालं रे? अरे, रात्रीचं काही उरलंच नाही. आज पोहे भिजवलेत." काकूंनी त्या पोह्यांचं कौतुक पुढे कितीतरी दिवस सोसायटीच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांना ऐकवलं.

मग रविवार ठरून गेला. कंपनीत ओव्हरटाइम लागला की मात्र जाणं व्हायचं नाही, आणि सोमवारी सकाळी समोरून खमंग वास आला की मी चहा आतच प्यायचो.

दिवाळीत काकूंनी एका भाच्याला फोन केला. हा दोन वर्षं आकुर्डीला त्यांच्याकडे राहून नोकरीला लागलेला. येतो, येतो म्हणाला आणि खरोखरच लक्ष्मीपूजनाच्या दिवशी बेल वाजली. दारात डिलिव्हरीवाला होता, हातात सुक्या मेव्याचा चकचकीत खोका. भाच्याने ऑनलाइन पाठवलेला. काकूंनी खोका घेतला आणि त्या माणसाला म्हणाल्या, ये, आत ये, पान वाढते. तो घाबरला. "काकू, पुढची ऑर्डर हाय, उशीर झाला तर साहेब बोलतो," म्हणाला आणि दारातच तांब्याभर पाणी पिऊन गेला. मला हे सांगताना काकू म्हणाल्या, "आला होता तोच. बसला असता तर त्याचीच मूठ होती." भाच्याबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात काकू त्या बाल्कनीतच घसरून पडल्या. मनगट मोडलं. बेंगळुरूला असलेला त्यांचा मुलगा आला. मुलगा वाईट नव्हता, हे सांगायला हवं, कारण अशा गोष्टींत मुलाला वाईट ठरवणं सोपं असतं. तो आठवडाभर आईची वेणी घालायचा, तीही चांगली. पण आईला आता इथे एकटं ठेवणं त्याला पटत नव्हतं. काकूंनी त्याला एकच गोष्ट विचारली, तिकडे जेवायला कोणी येतं का. तो खरं बोलला. म्हणाला, आई, तिकडे आधी फोन करून, ठरवून येतात. काकू प्लास्टरमधल्या हाताकडे बघत म्हणाल्या, "मग ते येणं कसलं?" आणि दोन दिवसांनी जायला तयार झाल्या.

निघायच्या सकाळी मी खाली गाडीपाशी गेलो. मुलगा डिकीत सामान लावत होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, काकू, आता तरी एका माणसाची खिचडी सांगून जा. त्या गाडीत बसल्या होत्या, काच खाली करून माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनी खरोखर विचार केला असावा. मग म्हणाल्या, "ते मला नाही रे येत."

फ्लॅट अजून विकलेला नाही, बंद असतो. समोरची ती बाल्कनी आता खरोखरच कोरडी आहे. सुरुवातीला मी सवयीने दिवा लावून कांदा चिरायला बसायचो. मग आत ओट्यावरच चिरायला लागलो. फोनवर व्हिडिओ बघून स्वयंपाक करता येतो, त्यात माप असतं, सगळं एका माणसाचं असतं, आणि चवही बरी लागते. पण ते लोक मी हिंग किती घातला ते बघत नाहीत.

तांदळात दुसरी मूठ मी कधीपासून घालायला लागलो ते आठवत नाही. ठरवून नाही घातली. आमच्या मजल्यावर कोण राहतं ते मला माहीत नाही, कंपनीतले मित्र चाकणच्या ट्रॅफिकला घाबरून इकडे फिरकत नाहीत. म्हणजे येणार कोण, हा प्रश्नच आहे. तरी हात डब्यात दुसऱ्यांदा जातो.

परवा सकाळी काकूंचा फोन आला. मनगट बरं आहे. सून चांगली आहे, भाजीसुद्धा विचारून करते. स्वयंपाकाला बाई येते, तिच्याकडे मापाचा कप आहे. "माणशी एवढा म्हणजे एवढाच. दाणा उरत नाही बघ." हे त्या तक्रारीच्या सुरात बोलल्या नाहीत, नुसतं सांगितलं. मी पण इकडचं सांगितलं, सोसायटीत पाणी येत नाही, लिफ्ट बंद आहे. मग त्यांनी सहज विचारलं, "नाश्त्याला काय केलंस?"

खोटं सांगता आलं असतं. पोहे म्हटलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. पण ताट माझ्या समोरच होतं आणि तोंडातून निघून गेलं, "फोडणीचा भात."

तिकडे काकूंनी टीव्ही बंद केल्याचं ऐकू आलं. मग काकूंचा आवाज आला.

"हिंग घातलास ना?"

"घातला."

"मग गार करू नकोस. तू खा. मी फोन ठेवत नाही."

मी फोन ताटाशेजारी ठेवला आणि जेवायला लागलो. तिकडे कधीतरी काकूंची बांगडी वाजायची, एकदा त्यांनी कुणाला तरी "थांब जरा, जेवतोय तो" असं सांगितलेलं ऐकू आलं. खाली कोपऱ्यावर कंपनीच्या बसने हॉर्न दिला. मी सावकाश जेवत राहिलो.