मास्तर आणि पिकअपचा पंखा

मास्तरांच्या गॅरेजसमोर गाडी लावली की ते सगळ्यात आधी ड्रायव्हरला गप्प करत. "चावी काढ. बाकावर बस. विचारीन तवाच बोल." मग पाच-दहा मिनिटं ते गाडीभोवती नुसते फिरत, वाकून बघत, वास घेत. महाडला हायवेच्या कडेला त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. शाळेत त्यांनी कधीच शिकवलं नव्हतं, पण त्या बाकावर बसलेला प्रत्येक जण आपोआप विद्यार्थी व्हायचा, म्हणून ते मास्तर.

माझी पिकअप जुनी. रेडिएटरचा पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा. चढावर गाडी रांगायला लागली की पंखाही मंदावायचा आणि नेमकं तेव्हाच पाणी उकळायचं. पोलादपूरहून माल घेऊन घाटात जाणाऱ्या माणसाला हे परवडण्यासारखं नव्हतं. मास्तर म्हणाले, "विजेचा पंखा बसवू. इंजिन रांगूदे नायतर धावूदे, तो आपल्याच वेगानं फिरंल. दोन दिवस गाडी सोड."

मी त्यांना एकच दिवस दिला. दुसऱ्या दिवशी कशेडीच्या जुन्या घाटरस्त्यावरच्या एका वाडीत कोंबडीची पिल्लं पोचवायची होती. आठशे पिल्लं. मे महिना. तिथल्या कोंबड्यांच्या शेडवाल्याला मी शब्द देऊन बसलो होतो.

"जाड वायर संपलीय. उद्या येईल," मास्तर म्हणाले.

"हाय ती लावा ना, मास्तर. एक फेरी तर हाय."

त्यांनी खुंटीवरचं बारीक वायरचं वेटोळं काढलं. मग कामाला लागले. संध्याकाळी पंखा सुरू झाला तेव्हा मी टाळी वाजवली. ते हसले नाहीत. "पहिल्या चढाला मी संगती येनार," एवढंच म्हणाले. दुकान बंद ठेवून ते कुठे जात नसत. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला आम्ही घाटाला लागलो. मागे जाळीच्या क्रेटमध्ये पिल्लांचा एकसारखा चिवचिवाट. तिसऱ्या वळणापर्यंत पाण्याच्या तापमानाचा काटा मध्यावर होता. मग जळक्या प्लास्टिकचा वास आला आणि पंख्याची घरघर थांबली. काटा चढताना दिसत होता, घड्याळाच्या मिनिटकाट्यासारखा नाही, सेकंदकाट्यासारखा.

"बाजूला घे! बंद कर!"

मी उतरून बॉनेट उघडलं आणि घाबरून रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला. मास्तरांनी माझ्या मनगटावर फटका मारला. "झाकनाला हात नको! तोंड भाजंल!"

फ्यूज बसवायची डबी वितळून लोळागोळा झाली होती. बारीक वायर पंख्याचा भार सोसू शकली नव्हती. वर ऊन, सावलीला एक झाड नाही. मागचा चिवचिवाट कमी होत चालला होता आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती. मी डोकावलो. पिल्लं चोची उघडून धापा टाकत होती.

माझ्याकडे बॅटरीला बॅटरी जोडून गाडी चालू करायची जाड केबल होती. मास्तरांनी तिचं एक टोक पंख्याला जोडलं आणि केबल खिडकीतून आत घेतली. बॅटरी सीटखालीच होती. दुसऱ्या टोकाचा चिमटा पंच्यात गुंडाळून त्यांनी हातात धरला.

"आता मधी फ्यूज नाय. काय पेटलं तर मी हात उचलनार, तू गाडी थांबवायची. मला विचारायचं नाय."

इंजिन थोडं निवू दिलं आणि निघालो. चिमटा बॅटरीला टेकताच ठिणगी उडाली, पंखा घरघरला. उरलेला चढ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गेला. मास्तर सीटच्या कडेला तिरपे वाकून बसले होते. खड्ड्यात गाडी उसळली की चिमटा सुटायचा, ते पुन्हा टेकवायचे. मी रस्ता बघत होतो, ते काटा. माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

वाडीत पोचलो तेव्हा अकरा पिल्लं मेलेली निघाली. शेडवाला म्हणाला, "एवढं चालायचंच उन्हाळ्यात." मास्तरांना ते चाललं नाही. उकिडवे बसून त्यांनी एकेक पिल्लू उचलून बाजूला ठेवलं. मी म्हणालो, "मास्तर, चूक माझी. मीच घाई केली."

"घाई तुजी," ते मान वर न करता म्हणाले, "पन हात माजा व्हता ना रे."

महाडला परतल्यावर पुढचे दोन दिवस त्यांनी सगळं वायरिंग उपटून नव्याने केलं. जाड वायर, पंख्याचा भार पेलणारा चांगला रिले, नवी डबी. मी बाकावर बसून होतो. जेवायला चला म्हणायचीही हिंमत झाली नाही. नंतर कित्येकदा त्यांनी दुसऱ्या गिऱ्हाइकांना ही गोष्ट माझ्यासमोर सांगितली. माझ्या घाईचा उल्लेख त्यात कधीच नसे. "मी बारीक वायर लावली," असंच ती सुरू व्हायची.

गेल्या वर्षी त्यांची नजर अधू झाली. लाल आणि तपकिरी वायर वेगळी ओळखू येईना, तेव्हा त्यांनी स्वतःच दुकान बंद केलं. पनवेलला मुलीकडे त्यांचं सामान मीच नेलं, याच पिकअपमधून. तिच्या इमारतीखाली उतरल्यावर त्यांनी मला बॉनेट उघडायला लावलं. चाचपत पंख्याची वायर शोधली आणि चिमटीत धरली. पंखा फिरत होता तरी ती थंड होती.

"आता दुसऱ्या कुनाकडं काम नेशील," ते म्हणाले, "तवा त्याला टाइम दे."

मुलगी त्यांना हाताला धरून जिना चढवू लागली. इंजिन बंद होतं, तरी पंखा अजून फिरत होता. पाणी निवून तो आपणहून थांबेपर्यंत मी तिथेच उभा होतो.