गाळून घेतलेलं सूप

शहर संपतं तिथे मोठ्या रस्त्याला लागून एक वजनकाटा आहे. ट्रक लोखंडी पत्र्यावर येऊन उभा राहतो, वरच्या केबिनमध्ये आकडा उमटतो आणि खिडकीतून पावती बाहेर येते. ती पावती देणारा हात कित्येक वर्षं एकाच बाईचा आहे. ड्रायव्हर लोक तिला काटेबाई म्हणतात.

"काटेबाई, खाली उतरू नका हं, आकडा वाढेल!" एखादा नवखा ओरडायचा.

"माझं राहू दे. त्या पोत्यांमागे झोपलेल्या तुझ्या मेव्हण्याला आधी उतरव. दर खेपेला त्याला सिमेंटच्या भावात विकतोस."

जुने ड्रायव्हर खो-खो हसायचे आणि नवखा पुढच्या खेपेला अदबीने बोलायचा. तीही हसायची. पण केबिनच्या पायऱ्या चढल्या की तिला बराच वेळ बोलता येत नसे. ते कुणाला कळू नये म्हणून ती सगळ्यांच्या आधी येऊन बसायची आणि पुन्हा उतरावं लागू नये म्हणून दिवसभर पाणी जेमतेम प्यायची.

घरी ती आणि तिचे वडील. वडिलांनी उभा जन्म मुलांच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काढला होता. तिची आई गेली तेव्हा ती शाळेत होती. कितीतरी दिवस ती कुणाशी बोलली नाही, पण वडिलांनी समोर ठेवलेलं खायची. ती खाते आहे म्हणजे जगते आहे, हे वडिलांनी तेव्हा मनाशी धरलं ते कायमचं. चार शब्द बोलून धीर देणं त्यांना जमायचं नाही, वाढणं जमायचं. पोरगी परीक्षेत नापास झाली, वाढलं. पाहायला आलेली माणसं नकार कळवून गेली, वाढलं. आत्या, म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, कधीमधी यायची आणि ताटाकडे बघून म्हणायची, "दादा, तू पोर वाढवली नाहीस, पोरीला वाढत बसलास."

चाळिशीच्या आत तिला साखर झाली, गुडघे गेले आणि मग झोपेत श्वास थांबायला लागला. श्वास अडकायचा, अंग हिसका द्यायचं आणि पुन्हा सुरू व्हायचा. दुपारी केबिनमध्ये बसल्या बसल्या तिचा डोळा लागायचा. एकदा ट्रक पत्र्यावर उभा आणि ही मान टाकून बसलेली. काट्याच्या मालकाने काच वाजवून उठवलं, बोलला काही नाही. डॉक्टर मात्र बोलले, "असंच चालू राहिलं तर एखाद्या दिवशी थांबलेला श्वास सुरू होणार नाही. पोट लहान करायचं ऑपरेशन करून घ्या."

वडील तिच्यापेक्षा जास्त घाबरले. तयारीत त्यांनी काही बाकी ठेवलं नाही. तपासण्यांना रांगेत उभे राहिले, झोपताना नाकावर लावायचं मशीन पुसून ठेवायला शिकले. दवाखान्यातल्या आहाराच्या मॅडम वयाने लहान, आवाज बारीक, पण शिस्तीच्या. त्यांनी समजावलं, "ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे फक्त पातळ. बिनसाखरेचं, बिनतेलाचं, मी सांगेन तेवढंच. पोटावर तुमचं यकृत झाकणासारखं बसलंय, चरबीने सुजलंय. ते लहान झालं तरच डॉक्टरांना पोटापर्यंत पोचता येईल."

"सूप मी करीन," वडील म्हणाले. "मॅडम, मी आयुष्यभर दोनशे पोरांचं केलंय."

मॅडमना बरं वाटलं. असे वडील सगळ्यांना मिळत नाहीत, असंही त्या म्हणाल्या.

तिने ते दोन आठवडे कडक पाळले. काट्यावर कुणी वाढदिवसाचा केक आणला, तिने तुकडा कागदात बांधून रखवालदाराला दिला. थर्मासमधून सूप घेऊन जायची आणि तेच प्यायची. नवल म्हणजे तिला भूक अशी लागतच नव्हती. आत्याला तिने फोनवर सांगितलं, "अगं, लोक उगाच बाऊ करतात. मी मजेत आहे." जन्मात पहिल्यांदा तिला स्वतःचा अभिमान वाटत होता.

ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टर फार लवकर बाहेर आले. वडील उठून उभे राहिले, हात जोडायच्या बेतात.

"ऑपरेशन केलेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "दुर्बीण आत घालून पाहिलं. यकृत जराही कमी झालेलं नाही. सरकवायला गेलो असतो तर रक्त थांबवता आलं नसतं. तसंच बंद केलं."

ती शुद्धीवर आली, पोटावरच्या पट्ट्या चाचपल्या आणि झालं म्हणून हसली. मग तिला सांगितलं गेलं. मॅडम पलंगापाशी आल्या, आवाज आणखी बारीक करून म्हणाल्या, "चोरून खाणं होतं बऱ्याच जणांचं. मी रागावणार नाही. पण खरं सांगा."

"मी नाही खाल्लं."

"बघा, यकृत खोटं बोलत नाही."

"मॅडम, मी नाही हो खाल्लं. बाबांना विचारा."

वडील पायथ्याशी उभे होते. ते चादरीचं टोक गादीखाली खोचत राहिले. मॅडमनी क्षणभर वाट पाहिली आणि निघून गेल्या. शेजारच्या पलंगावरची बाई समजूतदारपणे म्हणाली, "होतं गं असं. माझ्या जावेचंही झालं होतं."

चोरून खाते हा आळ तिच्या अंगाला लहानपणापासून चिकटलेला होता. पाहुण्यांकडचा डबा रिकामा निघाला की नजरा हिच्याकडे वळत. कधी ते खरंही असे. या वेळी नव्हतं, आणि या वेळी आळ थेट दवाखान्यानेच घेतला होता.

घरी आल्यावर मदतीला आत्या राहायला आली. वडील अंगात कणकण आहे म्हणून पडून होते, तेव्हा अजून काही दिवस पातळच घ्यायचं म्हणून मॅडमच्या कागदाबरहुकूम सूप आत्याने केलं. ती ते प्यायली. थोड्या वेळाने पोटात खड्डा पडला. दुपारपर्यंत हात थरथरायला लागले, डोकं ठणकायला लागलं, आत्याने सोललेल्या संत्र्याच्या वासाने डोळ्यांत पाणी आलं. ही भूक तिला त्या दोन आठवड्यांत एकदाही लागली नव्हती.

ती उठली आणि वडिलांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"बाबा, सुपात काय घालत होतात?"

ते भिंतीकडे तोंड करून होते. "काही नाही. भाज्या."

"बाबा."

मग त्यांनी सांगितलं. लोणी, साय, मुठीने बदाम, कधी वाटलेले काजू. सगळं शिजवून, घोटून, फडक्यातून तीनदा गाळायचं. वर तवंग दिसला तर टिपून घ्यायचा, मागाहून थोडं गरम पाणी. दिसायला पातळ, पण अंगी लागणारं. वसतिगृहात तापातून उठलेली पोरं जड काही घेत नसत, त्यांच्यासाठी त्यांनी हे बसवलं होतं. पोरं त्यावर उभी राहायची.

"तुझं पोट कापणार होते," ते म्हणाले. "उपाशी माणसाला टेबलावर घालतात का कुणी? अंगात काही नको?"

"कमी करण्यासाठीच चाललं होतं ना सगळं?"

"ते त्यांचं गणित. मला वाटलं, एवढ्याशाने काय होणार आहे."

दाराआडून आत्या म्हणाली, "वहिनी शेवटच्या दुखण्यात चमचाभर पाणीसुद्धा परत करायची. दादा दोनशे जणांचं रांधून यायचा आणि तिच्यापुढे वाटी धरून बसायचा. ते काही याच्या डोक्यातून जात नाही."

ते तिला ठाऊक होतं आणि नव्हतंही. पण त्या घडीला तिच्या डोक्यात दुसरंच होतं.

"ते राहू दे, आत्या. बाबा, तिथे का नाही बोललात? ती मला विचारत होती, मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही चादर खोचत होतात."

भिंतीकडे बघतच वडील म्हणाले, "लाज वाटली."

"मला नाही वाटली?"

डॉक्टरांनी पुन्हा करायला नकार दिला नव्हता, पण रुग्ण सांगितलेलं पाळत असेल तरच, असं बजावलं होतं. श्वास तर अजून अडकतच होता. आत्या म्हणाली, माझ्याकडे चल, महिनाभर दादाच्या हातचं पाणीसुद्धा घेऊ नकोस. तिने बॅग भरली. वडील दारात चपला घालून उभे.

"तुम्ही कुठे?"

"दवाखान्यात. तू जा आत्याकडे. मी सांगून येतो."

ती बॅगेसकट त्यांच्याबरोबर गेली. बाहेरच्या खोलीत माणसं दाटीवाटीने बसली होती. मॅडम कुणाला तरी हाक मारायला दार उघडून आल्या, तेव्हा वडील खुर्चीवरून उठले आणि तिथेच, सगळ्यांसमोर, वसतिगृहातल्या दोनशे पोरांना जेवायला हाक मारावी तशा आवाजात म्हणाले, "मॅडम, माझ्या मुलीने काही खाल्लं नव्हतं. मी घातलं. लोणी घातलं, बदाम घातले. तिला ठाऊक नव्हतं."

कुणीतरी फिसकन हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी वडिलांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मी तुमच्यावर विश्वास ठेवायला हवा होता," त्या तिला म्हणाल्या आणि दोघांना आत घेतलं.

बॅग तिने परत घरी आणली. आत्या दोन दिवस तोंड फुगवून होती.

दुसऱ्या खेपेचं पातळ खाणं तिने वडिलांच्याच हातचं घेतलं. ते करताना ती स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसायची. पहारा म्हणून नव्हे, असं ती म्हणायची. पहाराच होता. भुकेने ती चिडायची, भांडी आपटायची, एकदा वडिलांवर इतकी ओरडली की खालच्या मजल्यावरची बाई वर आली. वडील भुकेल्या मुलीसमोर रिकाम्या हाताने बसायला शिकत होते. काही न देता नुसतं बसणं त्यांना इतकं जड जायचं, की ते गुडघ्यांवर हात दाबून धरायचे.

या वेळी डॉक्टर बऱ्याच उशिरा बाहेर आले आणि झालं म्हणाले.

त्यानंतरचे दिवस सोपे नव्हते. औषधाच्या टोपणाएवढं पाणी घोट घोट प्यायचं, तेही कधी छातीत अडकायचं. पोटाला लावलेली नळी सांभाळत कॉरिडॉरमध्ये चालायचं. घरी आल्यावर डाळीचं पाणी, मग गाळलेलं, मग कुस्करलेलं. एक चमचा जास्त झाला की बेसिनवर वाकून उभी. ओकारी ऐकू आली की वडील घराबाहेर जाऊन जिन्यात बसायचे. केस गळायला लागले. जिभेला सगळं लोखंडासारखं लागायचं. एका दुपारी ती ढसाढसा रडली. कशासाठी, असं आत्याने विचारल्यावर म्हणाली, "मला जेवावंसं वाटतंय गं, आणि भूक नाहीये." आत्याला ते कळलं नाही. वडिलांना बहुधा कळलं.

झोपेतला श्वास हळूहळू सरळ झाला. काट्यावर परतली तेव्हा पायऱ्यांवर ती मध्येच थांबली, कारण थांबायची सवय होती. मग वर गेली. "काय काटेबाई, अर्ध्या कुठे ठेवून आलात?" एका जुन्या ड्रायव्हरने विचारलं. "तुझ्या ट्रकमध्ये," ती म्हणाली, "म्हणून तर तुझा आकडा वाढलाय." तो हसला, पण पावती घेताना तिच्या सैल पडलेल्या गालांकडे बघून त्याने नजर खाली केली. ती आजारी आहे असंच बऱ्याच जणांना वाटत होतं.

सुट्टीच्या दिवशी वडिलांनी भोपळा मऊ शिजवून, मीठ-मिरपूड घालून वाटीत दिला. लोणी नव्हतं, ते तिने पाहिलं होतं. तिने तीन चमचे खाल्ले, सावकाश, मॅडमनी शिकवल्याप्रमाणे चावून. चौथा उचलला, थांबली आणि खाली ठेवला.

वाटी अर्ध्याहून अधिक भरलेली होती. वडिलांच्या हातात डाव होता. त्यांचे ओठ हलले. ती बघत राहिली. या क्षणी ते एक घास म्हणाले असते, तर तिने घेतला असता, हे तिला ठाऊक होतं. मग बेसिन, मग जिना, आणि मग हे घर तिला सोडावंच लागलं असतं.

"बस?" त्यांनी विचारलं.

"बस, बाबा."

त्यांना ते पटलं नव्हतं. एवढ्याने कुणाचं भागतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. तरी त्यांनी डाव बाजूला ठेवला, तिच्यासमोरची वाटी उचलली आणि धुवायला घेऊन गेले.