मुकादमांचा वैरी

मुकादमांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण शास्त्राचा आधार असल्याशिवाय ते कुणाचा रागसुद्धा करत नसत. एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. भाईंदरला, मोरव्याच्या वाटेवर त्यांच्या घरात आम्ही रत्नागिरीहून येऊन भाड्याने राहत होतो. मी शाळेत मास्तरीण. त्यामुळे रविवारी ते चर्चमधून आले की त्यांचं मराठी बायबल वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. गळ्यात मंगळसूत्र आणि मांडीवर बायबल! सासूबाईंनी कपाळाला हात लावला होता.

जन्मभर मिठागरावर राबलेला हा माणूस. हद्दीच्या भांडणात चुलतभाऊ जुझेने ऐन भरतीला त्यांचा बांध फोडला आणि वर्षाचं मीठ खाडीत गेलं. तेव्हापासून बोलणं बंद. या वैऱ्याचं करायचं काय, ते देवाने एकदा स्पष्ट सांगावं, एवढंच मुकादमांना हवं होतं.

पण देव एक सांगेल तर ना! एका स्तोत्रात भक्त देवाकडे मागतो, वैऱ्याची पोरं भीक मागत फिरोत. मुकादम खूश. पुढच्या रविवारी येशू म्हणतो, शाप देणाऱ्याला आशीर्वाद द्या. मुकादमांचा चेहरा उतरला.

"बाय, नीट वाच. पान चुकलंस तू."

पान बरोबर होतं. 

शेवटी नीतिसूत्रांत त्यांना हवं ते सापडलं. वैरी भुकेला असला तर त्याला जेवू घाल, म्हणजे त्याच्या डोक्यावर निखाऱ्यांची रास होईल. "हां! ह्ये जमंल मना," ते म्हणाले. जुझे बायको गेल्यापासून एकटाच, चुलीपुढे हात भाजून घेणारा. दर रविवारी मुकादमांनी स्वतः रांधलेलं बोंबलाचं कालवण नि तांदळाच्या भाकऱ्या त्याच्या ओट्यावर जाऊ लागल्या. न बोलता ठेवायचं, न बोलता परतायचं. "परले असतील का गं निखारे?" मला विचारायचे. जुझेच्या अंगावर मात्र मूठभर मांस चढलं.

दोनेक वर्षांनी जुझे काविळीने अंथरुणाला खिळला. त्याचा निरोप आला तेव्हा मुकादम मलाही सोबत घेऊन गेले. जुझेने चारचौघांत त्यांचा हात धरला.

"मी तुजा बांध फोरला, नि तू मना जेवू घातलंस. आता आशीर्वाद दे."

मुकादमांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तिसऱ्या दिवशी जुझे गेला.

माती देऊन आल्यावर ते माझ्या दारात उभे राहिले. "बाय, मी निखारे ठेवत होतो. तो माया समजून जेवला. देवानं यातलं काय लिवून घेतलं असंल?"

मी पुस्तक उघडलं आणि मिटलं. 

रविवारी त्यांनी सवयीने कालवण केलं. मग आठवण होऊन ते तिथेच चुलीपाशी बसले. वर्षाचं मीठ वाहून गेलं तेव्हा ज्यांनी टिपूस गाळलं नव्हतं, ते मुकादम हुंदके देऊन रडले. वैरी गेला म्हणून माणूस एवढा रडतो का, हे मला कुठल्याच पानावर सापडलेलं नाही.