पुसलेला आशीर्वाद

इस्टरनंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळच्या मिस्सानंतर, आमच्या चर्चच्या आवारात फादरांनी एकोणसाठ लाख पंचवीस हजार रुपयांच्या गाडीवर पवित्र पाणी शिंपडलं आणि गाडीने ते ताबडतोब पुसून टाकलं. हजर : माझी आई, बायको ब्लँच, मुलगी शेरल, मी, आणि घरी जायची घाई नसलेलं निम्मं सांडोर गाव.

एकोणसाठ पंचवीसची फोड सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. गाडी बावन्न लाख चाळीस हजारांची. उरलेले सहा लाख पंच्याऐंशी हजार ऑप्शनल एक्स्ट्रा. ऑप्शनल म्हणजे घेतलं नाही तरी चालतं ते. हे मला माहीत होतं. मी एका कारखान्यात तीस वर्षं हिशेब बघतो. खरेदी खात्यातल्या लोकांना ऑप्शनल या शब्दाचा अर्थ मीच समजावून सांगतो. पण वाडीचा रस्त्यालगतचा तुकडा विकून पैसे आले होते, मे महिन्यात शेरलचं लग्न होतं, आणि शोरूममधल्या टायवाल्या मुलाने आम्हाला कॉफी दिली होती. (आमच्या घराण्यात फुकट कॉफी प्यायलेला माणूस नाही म्हणू शकत नाही.)

तो एकेक एक्स्ट्रा दाखवत गेला. छताला काच. मी म्हटलं, आमच्या गल्लीत वर बघितलं तर विजेच्या तारा आणि दुसऱ्याचे नारळ दिसतात, त्यासाठी पैसे कशाला? ब्लँचने माझ्या पायावर पाय दिला. पाठ चोळून देणारी सीट. चौसष्ट रंगांचे दिवे. पाय हलवला की आपोआप उघडणारी डिकी. आणि काचेवर थेंब पडला की स्वतःहून चालू होणारे वायपर.

"सर, तुम्हाला हातपण लावायला नको," तो मुलगा म्हणाला.

"पाऊस पडतोय हे मला वसईत राहून कळतं," मी म्हटलं.

ब्लँचने दुसऱ्या पायावर पाय दिला. मी सही केली.

पहिल्या आठवड्यात एवढंच कळलं, की ही गाडी आमच्या गावासाठी बनवलेली नाही. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना वाड्यांचे दगडी गडगे, मधून गाडी जाते ती देवाच्या आणि ड्रायव्हरच्या अंदाजाने. गडगा जवळ आला की गाडी किंचाळते. आमच्या गल्लीत गडगा नेहमीच जवळ असतो. त्यामुळे मी नाक्यावर वळलो की ती जी किंचाळायला लागे, ती अंगणात येईपर्यंत. शेजारच्या केळीवाल्या मावशी त्या आवाजावर भाताचं आधण ठेवू लागल्या. डिकीचं तर विचारू नका. पाय कोणाचा, हे ती बघत नाही. आमचा कुत्रा शेपटी हलवत मागून गेला की डिकी उघडायची, आणि तो आत जाऊन झोपायचा. दोनदा मी त्याला कामावर घेऊन गेलो.

पण हे सगळं मी गिळलं असतं. नवीन गाडी आधी चर्चमध्ये नेऊन फादरांचा आशीर्वाद घ्यायचा, मग तीत ड्रायव्हरशिवाय बाकी घरच्यांनी बसायचं, ही आमच्याकडची पद्धत. माझ्या पहिल्या स्कूटरवरही पाणी पडलं होतं. म्हणून त्या रविवारी गाडी चर्चसमोर उभी केली. फादर झगा सावरत आले. "इंजिन चालू ठेवा, आवाज ऐकू दे," असं म्हणाले. (फादरांना गाड्यांची आवड आहे.) प्रार्थना झाली. त्यांनी कुंचा पाण्यात बुडवून पहिला फटकारा बॉनेटवर मारला. दुसरा काचेवर.

वायपर उठले आणि एका फेरीत सगळं पाणी पुसून पुन्हा खाली जाऊन झोपले.

फादर थांबले. त्यांना वाटलं असावं, चुकून झालं. त्यांनी परत शिंपडलं. गाडीला वाटलं, पाऊस वाढला. वायपर दुप्पट वेगाने उठले आणि त्यांनी ते पाणी फादरांच्या चष्म्यावर उडवलं. लोक हसले. फादरही हसले. मी स्टिअरिंगच्या आजूबाजूची सगळी बटणं दाबली, त्यामुळे काचेवर साबणाचं पाणी उडालं आणि वायपरांनी तिथे आशीर्वादाचा मागमूस राहू दिला नाही. माझी पाठ मात्र सीट चोळत होती. ते बटणही दाबलं गेलं होतं.

आई हसली नव्हती.

"गाडीने देवाचं पानी पुसलं," ती म्हणाली. "मी हिच्यात बसायची नाय."

आणि ती साडीचा पदर खोचून पायी घरी गेली.

आता यात अडलं काय, ते सांगतो. आमच्या घरातली मुलगी लग्नाच्या दिवशी चर्चला जाते ती आजीच्या शेजारी बसून. माझ्या बहिणी अशाच गेल्या, माझ्या भाच्या अशाच गेल्या. शेरलने त्याच दुपारी जाहीर केलं, की आजी गाडीत बसणार नसेल तर तीही बसणार नाही. म्हणजे ज्या लग्नासाठी मी गाडी घेतली, त्या लग्नाला ती गाडी घरी राहणार होती. आणि खरं सांगायचं तर गाडीपेक्षा मला आईच्या चेहऱ्याची धास्ती होती. ऐंशी ओलांडलेली बाई एकदा नाही म्हणाली की ती शेवटपर्यंत नाही म्हणते, आणि शेवट किती लांब आहे हे कोणाला माहीत? शेरलच्या लग्नाच्या फोटोत आजी नाही, हे मला बघायचं नव्हतं.

मी फादरांकडे गेलो. ते घरी आले आणि त्यांनी आईला शांतपणे समजावलं, की आशीर्वाद शब्दांत असतो, पाणी सुकलं काय, पुसलं काय, फरक पडत नाही.

"बाप्तिस्माच्या वेळी बाळाचं डोकं आपण टॉवेलने पुसतोच ना?" मीही जोर लावला.

"पोराचं डोकं आपन पुसतो," आई म्हणाली. "पोर सवता पुसत नाय."

फादरांनी माझ्याकडे बघितलं. सेमिनरीत याचं उत्तर शिकवत नसावेत. शेवटी तेच म्हणाले, मे महिना मरियामातेचा आहे, मी संध्याकाळी जपमाळेला येतो आणि पुन्हा आशीर्वाद देतो. आईने एक अट घातली. गाडी चालू असायला हवी. बंद गाडीने पाणी पुसलं नाही, यात गाडीचा चांगुलपणा काय?

म्हणून मी वायपरचं आपोआप चालू होणं बंद करून घ्यायला शोरूमला गेलो. एवढंच काम होतं. टायवाल्या मुलाने ते दोन मिनिटांत केलं आणि मला कॉफी दिली.

कॉफी संपली तेव्हा माझ्या गाडीत मराठी बोलणारी सहायिका सुरू झालेली होती. तिला नाव घेऊन हाक मारायची, की ती "हो, सांगा, मी ऐकते आहे" म्हणते आणि सांगाल ते करते. शिवाय संकटात मदत केंद्राला स्वतःहून फोन लावते. मुलाने नावांची यादी पुढे केली. ब्लँचला फोन करून विचारलं. ती म्हणाली, त्यात एखादं तरी घरातलं वाटेल असं नाव असेल तर घ्या. यादीत मारिया होतं. मी मारिया घेतलं. मला त्या क्षणी स्वतःचं कौतुक वाटलं, हेही नोंदवतो.

ठरलेल्या संध्याकाळी अंगणात गाडी चालू करून ठेवली, दारं उघडी, चौसष्टांपैकी पांढरा दिवा लावलेला. फादर आले, मावशी आल्या, आई खुर्ची टाकून काचेच्या बरोबर समोर बसली, पंचासारखी. फादरांनी पाणी शिंपडलं. थेंब काचेवर पडले आणि राहिले. वायपर मेल्यासारखे पडून होते. सगळ्यांनी आईकडे बघितलं. आईने मान डोलावली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तेही कोणी पुसलं नाही.

"आता तीन वेळा नमो मरिये म्हणू या," फादर म्हणाले.

मला तेव्हाच पळत जाऊन गाडी बंद करायला हवी होती. पण मारिया आणि मरिये यांत संबोधनाचा फरक आहे, तो गाडीला कळेल असं मी धरून चाललो.

"नमो मरिये, कृपापूर्णे..." सगळ्यांनी सुरुवात केली.

"हो, सांगा. मी ऐकते आहे," गाडीतून गोड आवाज आला.

 मावशींनी कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला. फादर मात्र धीराचे. त्यांनी प्रार्थना सोडली नाही. आवाज चढवून उत्तरार्ध एकट्याने म्हणू लागले, आणि त्यात शेवटी आपण सगळेच म्हणतो तसं आलं, की आता आणि आमच्या मरणाच्या वेळी विनंती कर.

"तुमची विनंती मदत केंद्राकडे पाठवत आहे," मारिया म्हणाली.

घंटा वाजली. एक मुलगी बोलू लागली.

"नमस्कार सर, तुम्ही सुरक्षित आहात का? गाडीतून 'मरणाच्या वेळी' असं ऐकू आलंय."

मी गाडीत डोकं घातलं. "कोणी मरत नाहीये. प्रार्थना चालू आहे."

तिने विचारलं, "सर, प्रार्थना करायची वेळ आलीय का?" मग मऊ आवाजात, "घाबरू नका. तिथे आणखी कोण आहे?"

"फादर आहेत," मी म्हणालो.

हे मी म्हणायला नको होतं. फादर आलेत म्हणजे काय, हे त्या मुलीने सिनेमात पाहिलं असणार. तिने मला बोलत राहायला सांगितलं, डोळे मिटू नका म्हणाली, आणि अँब्युलन्स पाठवली. मी रागावून आवाज चढवला, तेव्हा तिने श्वास सावकाश घ्यायला सांगितलं.

अँब्युलन्स तेवढ्यात आलीही. (एरवी बोलवावी तेव्हा कुठे असते?) ती गल्लीत शिरेना. मी, ब्लँच, शेरल आणि फादर, सगळे नाक्याकडे धावलो. अर्ध्या वाटेत दोघं स्ट्रेचर घेऊन धावत येताना भेटले. पेशंट कोण, त्यांनी विचारलं. माझा घामेजलेला लाल चेहरा बघून त्यांनी उत्तराची वाट न बघता मलाच स्ट्रेचरवर बसवायला घेतलं. फादरांनी मध्ये पडून सोडवलं. मावशींनी त्या दोघांना गडग्यावर बसवून केळी दिली आणि सगळा प्रकार सुरुवातीपासून सांगितला, स्कूटरपासून. वीस मिनिटं गेली. आता आईला काय तोंड दाखवायचं, म्हणून मी मुद्दाम सावकाश परतलो. पाणी टिकलं होतं, पण प्रार्थनेचं जे झालं होतं त्यानंतर ती गाडीच काय, अंगणही सोडून जाईल असं मला वाटत होतं.

अंगणात खुर्ची रिकामी होती. आई गाडीत होती. मागच्या सीटवर, हातात जपमाळ, डोळे मिटलेले.

"नमो मरिये, कृपापूर्णे..."

"हो, सांगा. मी ऐकते आहे."

आई पुटपुटत पूर्ण नमो मरिये म्हणायची. गाडी म्हणायची, "माफ करा, मला समजलं नाही. पुन्हा सांगाल का?" आणि आई, जिला या घरात गेल्या कित्येक वर्षांत कोणी पुन्हा सांग म्हटलं नव्हतं, ती आनंदाने पुन्हा सांगायची. आम्ही सगळे दारात उभे राहून बघत राहिलो. तिने जपमाळेची पाचही दशकं, दहा-दहा मण्यांची, पुरी केली, म्हणजे गाडीच्या हिशेबाने दहा. मग डोळे उघडले.

"ह्या घरात माझ्या जपमाळेला जागं ऱ्हानारं कोनीतरी आलं," ती म्हणाली. "लग्नाला मी बसेन हिच्यात. शेरलला सांग."

शेरल तिथेच उभी होती, रडत होती. फादरांनी हळूच मला विचारलं, एवढं सगळं घडवणारे वायपर किती लाखांचे?

लग्नाला आई शेरलशेजारी बसून गेली. संकटाचा फोन मी त्याआधी बंद करून घेतला होता (कॉफी न पिता). गल्लीभर गाडी किंचाळली, लोकांना वाटलं वाजंत्री. फोटोत आई मधोमध आहे.

तेव्हापासून संध्याकाळी सात ते पावणेआठ गाडी मला मिळत नाही. आई त्या वेळात मागच्या सीटवर असते, एसी चालू, जपमाळ चालू. मी दूध आणायला सायकलने जातो. मागच्या महिन्यात एका संध्याकाळी आई बाहेर आली ती हिरमुसून. मारिया बोलत नव्हती. टायवाल्या मुलाला फोन केला, तर तो म्हणाला, सर, सहायिका सुरुवातीला फुकट असते, आता वर्षाचे पैसे भरावे लागतील, अकरा हजार आठशे.

हिशेबी माणूस म्हणून मी आईला पर्याय दिला. मी स्वतः रोज तुझ्याजवळ बसतो, प्रत्येक नमो मरियेला उत्तर देतो, एक पैसा खर्च नाही. आईने मला नीट न्याहाळलं.

"तू दुसऱ्या दशकाला घोरतोस," ती म्हणाली. "पैसे भर."

त्याच रात्री अकरा हजार आठशे रुपये गाडीच्या कंपनीला भरले. मी फुकट होतो, परवडलो नाही.