दोन दिवस बाहेरची

हैदराबादच्या नामपल्ली स्टेशनात गाडी दोन तास उशिरा पोचली, तेव्हाच मला नांदेडला परत फिरावंसं वाटलं. पुतणीच्या लग्नाचा बस्ता करायचा होता आणि माझे गुडघे बोलत होते. धाकटी जाऊ मीना सोबत होती म्हणून निघाले. दिलसुखनगरला भाची स्नेहाकडे उतरलो. स्नेहा इथेच वाढली. तिचं मराठी निम्मं हिंदीत असतं. तिने केलेल्या बगारा बैंगनला (तीळ-शेंगदाण्याच्या रश्शातली वांगी) मीनाने हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सुलतान बाजारात साड्या पाहता पाहता मीना गादीवरच वाकली. ओटीपोटात उजवीकडे कळ, अंगाला घाम. दुकानदार म्हणाला, "हल्लू (हळू) उठाओ अम्मा, सामने दवाखाना है."

तिथे तरुण डॉक्टर होते. मी स्नेहाच्या कानात म्हटलं, "दोन दिवस बाहेरची आहे, सांग."

पाळीला आम्ही हेच म्हणतो. स्नेहाला काय ठाऊक. ती म्हणाली, "दो दिन से बाहर का है बोल रहे."

"बाहर का क्या खाए?"

"स्टेशन पे भजिये खाए."

चूक मला तेव्हाच कळली. पण बाकावर चार पुरुष बसले होते. मी गप्प बसले. त्याची लाज मला अजून वाटते. डॉक्टरांनी पित्ताचं इंजेक्शन दिलं.

दारापाशी मीना म्हणाली, "ताई, खांदा दुखतोय," आणि खाली बसली. ओठ पांढरे पडले होते. एक वयस्क नर्स धावली. "महीना कब आया था, अम्मा?"

आता मी सगळं ओकले. दोन महिने पाळी नव्हती. परवापासून थोडं थोडं जातंय, तीच आली असं आम्ही समजलो. नर्सने लघवी तपासली आणि डॉक्टरांना हाक मारली. गर्भ नळीत राहिला होता, नळी फुटून पोटात रक्त साचलं होतं. मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. मीना वाचली, थोडक्यात. मूल गेलं. नऊ वर्षं वाट पाहिली होती तिने.

आठवड्याने परतलो. बस्ता राहिलाच. गाडीत समोरच्या बाईंनी विचारलं, "काय झालं होतं यांना?" मीनाने माझा पदर ओढला. मी थकले होते, तरी सांगितलं, "पाळी चुकली होती. गर्भ नळीत राहिला आणि नळी फुटली."

बाईंशेजारच्या गृहस्थांनी तोंड खिडकीकडे वळवलं. त्या दवाखान्यात मी बोलले असते, तर तिथल्या पुरुषांनीही एवढंच केलं असतं.