काठावरचं तेल

शंकाबाई कापड घेण्याआधी ओढून बघत. धामणकर नाक्यावरच्या दुकानात दोन्ही मुठींत धरून इतकं ताणत की दुकानदार ओरडायचा, "मॅडम, लेना है कि फाड़ना है?" त्या शांतपणे म्हणत, "आत काय काय मिसळलंय, ते ताणल्याशिवाय कळणार कसं?"

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतही हाच उद्योग होता, फक्त धागे डोळ्यांना न दिसणारे. पेशी आपला आकार प्रथिनांच्या तंतूंच्या जाळ्यावर सांभाळते. त्यातलं अ‍ॅक्टिन ताठ, पण लवकर तुटणारं. व्हायमेंटिन सैल, पण खूप ताणलं जाणारं. दोन्ही मिसळली की जाळं किती ताठ होतं, हा माझा पीएचडीचा विषय. चाळिशी उलटल्यावर घेतलेला. बाई माझ्या मार्गदर्शक. त्यांना 'शंकाबाई' हे नाव शिपायानं ठेवलं होतं. "कुलूप लावलाय सांगितला तरी जाऊन बघतान. इस्वासच न्हाय!"

एकदा मिश्र जाळं अपेक्षेपेक्षा कितीतरी ताठ निघालं. मी पेढे आणले. बाईंनी पेढा खाल्ला आणि आलेख बाजूला सारला.

"इतकं छान आलं की मला भीती वाटते, पाटील. काठाला तेल लावलं होतंत?"

दोन तबकड्यांमध्ये थेंबभर जाळं ठेवून वरची तबकडी किंचित फिरवायची, अशी ती मोजणी. काठाला तेल नसलं तर पाणी उडतं, साय धरते आणि यंत्र त्या सायीचाच ताठपणा दाखवतं. मी "हो" म्हटलं. खरं तर आठवत नव्हतं. त्यांनी पुन्हा करायला सांगितलं, मी टाळत राहिलो.

मग संशय मलाच चढला. बाई मुद्दाम अडवतायत, निकाल स्वतःच्या नावावर खपवणार. त्या दार लोटून फोनवर बोलल्या तरी विषय माझाच असणार, असं वाटे. शेवटी प्राचार्यांना जाऊन सांगितलं, "मॅडम छळतात." मला दुसरे मार्गदर्शक मिळाले. बाईंनी एका शब्दानं जाब विचारला नाही.

नवे सर काहीच विचारत नसत, आणि तेच टोचू लागलं. एका दुपारी मी काठाला नीट तेल लावून मोजलं. बराचसा ताठपणा गायब. थोडा उरला, तो मात्र खरा होता. तेवढ्यावर पदवी मिळाली.

बाईंचा फोन आला. "अभिनंदन, पाटील. मिश्र जाळं ताठच निघालं म्हणे. मी उगाच शंका घेत बसले हो. मनात ठेवू नका."

तेव्हाच सांगायचं होतं. मी म्हटलं, "आभारी आहे, मॅडम."

मागच्या महिन्यात त्या गेल्या. त्यांची शंका बरोबर होती, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही.